दारावर

खानदेशात कुणाच्या घरी मयत झाली की लोक 'दारावर' जातात. पुण्यातल्या मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. दारावर जायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. जायचं, ओट्यावर किंवा अंगणात अंथरलेल्या चटईवर बसायचं, बायका गळ्यात पडून रडतात ते ऐकायचं, कुणीतरी आणलेला चहा प्यायचा आणि "येतो" न म्हणता उठायचं. बोलायला काही नसलं तरी चालतं. न जाणं मात्र चालत नाही. दारावर कोण आलं आणि कोण आलं नाही, हे आमच्याकडे वीस वर्षांनीही लक्षात असतं.

मे २०२१ मध्ये माझे बाबा गेले तेव्हा आमच्या दारावर कोणी आलं नाही.

यात कुणाची चूक नव्हती. कोरोनाची दुसरी लाट होती, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आई स्वतः पॉझिटिव्ह होती. मी पुण्यात होतो, ई-पास निघेपर्यंत सगळं उरकलं होतं. बाबांचं शेवटचं दर्शन मला चुलतभावाने पाठवलेल्या व्हिडिओत झालं. सत्तेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पांढऱ्या सूटमधली चार माणसं, एक पिशवी, आणि मागे कुणाच्या तरी मोटरसायकलचा हॉर्न. मी घरी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर एकटी बसली होती. चटई अंथरली होती, त्यावर कोणीच नव्हतं. ती मला म्हणाली, "तेच आले होते रे. कोंबड्या नेल्या तेच पांढरे लोक."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग २००६ आठवलं.

आमचं गाव चिंचपाडा, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर नवापूर येतं, ज्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे म्हणून लोक तिथे सेल्फी काढतात. मग थोड्या वेळाने चिंचपाडा येतं, तिथे कोणी सेल्फी काढत नाही. बाहेरच्यांना गाव माहीत असलंच तर मिशनच्या दवाखान्यामुळे. तो १९४२ पासून आहे आणि आजूबाजूच्या पाड्यांतल्या कित्येकांचा जन्म तिथलाच. आम्ही मावची. घरात मावची बोलतो, शाळेत मराठी शिकलो, कोडिंग इंग्रजीत करतो. आजीचं बोलणं इथे मी मराठीत लिहितोय, त्यात तिची अर्धी धार जाते, पण इलाज नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर अख्ख्या जगाच्या बातम्यांत होतं. भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्र्यांमध्ये सापडला. १८ फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं आणि लगेच कोंबड्या मारायला सुरुवात झाली. नवापूर हे पोल्ट्रीचं गाव, त्यामुळे आकडा लाखांत गेला. मोठमोठे खड्डे खणले गेले. माणसांचेही नमुने तपासायला नेले, त्यांत कुणालाच लागण निघाली नाही, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं? मी नऊ वर्षांचा होतो आणि मामाच्या गावी होतो, नवापूरपासून जवळच. पोल्ट्र्या झाल्यावर पथकं घरोघरी आली. आमच्याकडे कोंबडी म्हणजे परसातला एटीएम, असं मी पुण्यात सांगतो तेव्हा सगळे हसतात, पण ते शब्दशः खरं आहे. बाजाराला मीठ-तेलाला पैसे नसले तर एक कोंबडी काखेत मारून न्यायची. पाहुणा आला तर कोंबडी, देवाला कोंबडी, आजारपणाला कोंबडी. आजीही तेव्हा तिथेच आली होती. मामीने एक तुऱ्याची कोंबडी टोपलीखाली लपवली होती, तीही ओरडली आणि सापडली. पांढऱ्या सूटमधल्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे मामी नक्की कुणाला शिव्या देत होती तेही कळत नव्हतं.

पंधरा वर्षांनी आजीच्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. मला आधी वाटलं, म्हातारपणामुळे गोंधळ होतोय. आता तसं वाटत नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. मी कामावर लगेच रुजू झालो. स्टँडअप कॉलवर कॅमेरा बंद ठेवून "नो ब्लॉकर्स" म्हणायचो. रात्री झोप लागायची नाही. तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मोजलं नाही. ऑफिसने एका कौन्सेलिंग ॲपचं सबस्क्रिप्शन दिलं होतं, त्यात रोज एक पिवळा चेहरा विचारायचा की आज कसं वाटतंय, आणि पाच इमोजींतून एक निवडायचा. मी रोज मधला निवडायचो. शेवटी एका मैत्रिणीने हात धरून डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली, त्यांनी झोप लागायला लागली. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते वाचून कुणी औषधं बंद करू नयेत. फार जड झालं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

तर त्या जागरणाच्या काळात मी आमच्या भागाचा इतिहास वाचायला लागलो. सुरुवात मूर्खासारखीच झाली. 'नवापूर हिस्ट्री' असं सर्च केलं होतं. फिरत फिरत डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराच्या 'द कमिंग ऑफ द देवी' या १९८७ च्या पुस्तकापाशी पोचलो. आमच्या पलीकडच्या सोनगढ-व्यारा भागात, डांगात, सुरत जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात १९२२-२३ मध्ये काय घडलं त्याची ही गोष्ट. आज मध्ये राज्याची सीमा आहे. तेव्हा इकडे ब्रिटिशांचा पश्चिम खानदेश जिल्हा, तिकडे बडोदा संस्थान आणि सुरत जिल्हा अशा वेगळ्या रेषा होत्या. पण सोयरीक, बाजार आणि देव या रेषा तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाहीत.

ती गोष्ट समजायची तर आधी त्या लोकांच्या पाठीवर काय काय होतं ते बघावं लागतं.

विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, हा छप्पन्याचा दुष्काळ. गुजरात, खानदेश, राजपुताना सगळीकडे पाऊस गेला. नेमक्या त्याच वर्षांत तापी खोऱ्यातून सुरतेकडून अमळनेरकडे रेल्वे टाकली जात होती. आमच्या स्टेशनावरून आज ज्या रुळांवरून गाडी जाते त्यांचा जन्म त्या काळातला. माणसं उपाशी असताना खडी फोडून पोट भरायचं, हे तेव्हाचं मदतकार्य. पुढे देवी, पटकी, प्लेग आळीपाळीने येतच होते. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. एकट्या मुंबई इलाख्यात त्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. आपण कोरोनाच्या काळात 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणत होतो ते यालाच.

या मरणांच्या जोडीला एक हळू चालणारा रोग होता, दारूचा. इथे जरा थांबतो, कारण आदिवासी आणि दारू म्हटलं की बाहेरच्यांना सगळं आधीच माहीत असतं. मोहाची फुलं वेचायची आणि घरीच दारू गाळायची, ही जुनी रीत. लग्नात, मरणात, देवाच्या कामात ती लागायची. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने इंग्रजांनी घरची भट्टी गुन्हा ठरवली. आता दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीतली, परवानाधारक दुकानदाराकडून, कर भरूनच घ्यायची. दक्षिण गुजरातेत हे परवाने बहुतेक पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. सगळ्या पारशी समाजाचा हा दोष नव्हे. महसूल सरकारला हवा होता आणि परवान्याची व्यवस्था सरकारनेच रचली होती. पण गावातल्या माणसाला समोर दिसायचा तो दुकानदारच. तो उधारीवर पाजायचा, उधारी जमिनीवर चढायची, आणि काही वर्षांनी माणूस आपल्याच शेतात मजूर व्हायचा. जी गोष्ट दुःखात चार घोट म्हणून घरात होती, तीच विकत घ्यायला लावली आणि तिच्यातूनच नवं दुःख तयार झालं. कंपनीच्या भाषेत याला सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणतात.

आणि मग देवी आली.

तिची सुरुवात कुणा नेत्याने केली नाही. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्यांत देवीची, म्हणजे आजाराची, साथ आली तेव्हा तिला शांत करण्यासाठीचा विधी म्हणून हे सुरू झालं. देवी अंगात यायची आणि बोलायची. रोगाची देवी गावाच्या शिवेपलीकडे पोचवायची असते, म्हणून एका गावाने ती दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. किनाऱ्यावरून डोंगरात, डोंगरातून डांगात, तिथून पुन्हा खाली सपाटीवर. जाता जाता तिचं रूप बदलत गेलं. रोग पळवणारी देवी आता जगण्याच्या आज्ञा द्यायला लागली. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात खानपूर गावाजवळ सुमारे दोन हजार आदिवासी जमले होते. देवीचं नाव सालाबाई. ती पूर्वेकडच्या डोंगरांतून आली आहे असं लोक सांगत होते. (पूर्वेकडचे डोंगर म्हणजे आमच्या बाजूचेच, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.)

मांडवाखाली अंगात आलेली माणसं मान घुमवत बसायची आणि त्यांच्या तोंडून आज्ञा निघायच्या. दारू आणि ताडी सोडा. मांस-मासे सोडा. रोज आंघोळ करा, पुरुषांनी दोनदा, बायकांनी तीनदा. घर स्वच्छ ठेवा. दारूवाल्या पारशांकडे कामाला जाऊ नका, त्यांच्याशी संबंध ठेवू नका. लोकांनी घरच्या कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या किंवा सोडून दिल्या. जमलेल्यांचं एकत्र जेवण व्हायचं आणि मग देवी पुढच्या गावाला. काही महिन्यांत हे शेकडो गावांत पसरलं. ना कार्यालय, ना छापखाना, ना सभासद फी. पुढे पुढे तर देवी गांधींचं नावही घ्यायला लागली, खादी वापरा म्हणायला लागली, आणि काँग्रेसचे पुढारी चकित होऊन मागून धावत आले.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते इंजिनियरसारखं वाचलं. मध्यवर्ती सर्व्हर नाही, प्रत्येक गाव म्हणजे एक नोड, निरोप पुढे देताना त्यात थोडी भर घालण्याची मुभा, आणि तरी मूळ संदेश शाबूत. मस्त आर्किटेक्चर! मी एका मित्राला रात्री दीड वाजता यावर लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. त्याने सकाळी अंगठा पाठवला.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कोंबड्यांपाशी अडकलो. आपल्या हाताने कोंबड्या सोडून देणारी माणसं. त्यांच्याकडे त्याहून जास्त काही नव्हतं, बँकेत काही नव्हतं, तरी त्यांनी त्या सोडल्या. मामीची टोपलीखालची कोंबडी मला दिसायला लागली. दोन्ही वेळा परस रिकामं झालं, दोन्ही वेळा साथीचं निमित्त होतं. पण १९२२ मध्ये माणसांनी दोन हजारांच्या घोळक्यात बसून, एकमेकांसमोर, स्वतः ठरवून सोडलं. २००६ मध्ये चेहरा नसलेल्या माणसाने येऊन नेलं, पावती दिली. पथकाचं काम चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, विषाणू खरा होता आणि तो पसरला असता तर काय झालं असतं हे २०२१ पाहिलेल्याला सांगायला नको. पण नुकसान तेवढंच असलं तरी ते आपण कुणासोबत सोसतो याने ते वेगळं होतं, एवढं मला त्या रात्री कळलं. आजीने पांढरे सूट एकमेकांना का जोडले तेही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख गावाकडच्या गोड आठवणींचा होईल. देवीची चळवळ टिकली नाही. वर्ष-दोन वर्षांत बरेच लोक पुन्हा दारूकडे वळले. तिकडच्या चौधरी आणि गामीत गावांत दोन तट पडले, वर्ज्य पाळणारे 'वरजेला' आणि पुन्हा सुरू केलेले 'सरजेला'. काही ठिकाणी एकाच कुळातले लोक दुसऱ्याकडे जेवेनात. म्हणजे ज्या गोष्टीने एकत्र आणलं तिनेच पुढे भिंतही घातली. याहून काळी गोष्ट म्हणजे दुःख एकत्र येऊन वाहतं तेव्हा ते नेहमी आपल्याच अंगावरून वाहून जातं असं नाही. आमच्या जिल्ह्यात ते कितीदा तरी एखाद्या एकट्या बाईच्या अंगावर ढकललं गेलंय. मूल दगावलं, गुरं मेली, की कुणाला तरी डाकीण ठरवायचं. बहुतेक वेळा विधवा, बहुतेक वेळा थोडी जमीन नावावर असलेली. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याची आमच्याकडे किती गरज होती हे पुण्यात बसून कळत नाही. समूह माया करतो तसाच समूह दगडही मारतो. मला आमच्या चटईची आठवण येते तेव्हा मी हे स्वतःला मुद्दाम सांगतो.

दारूबद्दलही एक गोष्ट. आमच्या जिल्ह्याचे माजी कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. वडील ते जन्मायच्या आधीच गेले, आणि आईने दारू विकून पोरं वाढवली, हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलं आहे. त्याच माणसाने २०२० मध्ये, दुसरी लाट यायच्या आधीच, नंदुरबारला ऑक्सिजनचे प्लांट उभे करायला घेतले आणि २०२१ मध्ये देशभर त्याचं कौतुक झालं. सालाबाई त्या माउलीला काय म्हणाली असती? मला उत्तर सुचत नाही, आणि मला वाटतं देवीलाही सुचलं नसतं.

पण आमच्या बाजूला तापीच्या उत्तरेला पंधरा वर्षांनी जे झालं ते मला देवीपेक्षाही जवळचं वाटतं. तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावी गुलाम महाराज नावाचे एक भिल्ल गृहस्थ होते. १९३७ मध्ये त्यांनी आरती सुरू केली. दर सोमवारी लोक जमायचे. दारू नको, चोरी नको, स्वच्छ राहा, ही शिकवण जवळपास तीच. पण एक गोष्ट नवी होती. जमलेली माणसं एकमेकांना 'आप' म्हणायला लागली. त्यावरूनच त्या पंथाचं नाव पडलं, आप.

हे किती मोठं होतं ते समजायला थोडं मागे जायला लागेल. सावकार, फौजदार, जंगलखात्याचा शिपाई, गुजर शेतकरी, कुणीही आदिवासी माणसाला 'अरे', 'काय रे' असंच हाक मारायचा, मग तो साठ वर्षांचा का असेना. आणि आपल्याशी सगळे जसं बोलतात तसंच हळूहळू आपण आपल्याशी बोलायला लागतो. मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी कॅटेगरीच्या यादीत नाव लागल्यावर हॉस्टेलमध्ये जे बोललं गेलं, ते पुढे किती तरी वर्षं माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात वाजत होतं. १९३७ मध्ये कुणीतरी हजारो माणसांना दर सोमवारी बोलावून म्हटलं, आधी शेजारी बसलेल्याला 'आप' म्हणा. बापाने मुलाला म्हणायचं, नवऱ्याने बायकोला म्हणायचं.

गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आरती चालवत राहिले. गर्दी वाढत गेली तसे जमीनदार आणि सरकार अस्वस्थ झाले, आणि रामदास महाराजांवर हद्दपारीची वेळ आली. दारू पिऊ नका, आंघोळ करा, एकमेकांना आदराने बोला, यात हद्दपार करण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडतो. पण सावकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की लगेच उत्तर मिळतं. त्याच वाटेवर पुढे शहाद्यात भजनी मंडळांतून अंबरसिंग महाराज आले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, आणि त्या भागातल्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तेव्हाच्या बायकांनी केलेलं ते काम स्त्रीमुक्तीच्या इतिहासात आलं आहे, आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र नव्हतं.

या सगळ्याकडे आजच्या मानसोपचाराच्या चष्म्यातून बघायचा मोह होतो. थोडा होऊ देतो. २००६ मध्ये, म्हणजे नवापूरला खड्डे खणले जात होते त्याच वर्षी, झिम्बाब्वेत हरारे शहराच्या एम्बारे वस्तीत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने एक साधी गोष्ट सुरू केली. डॉक्टर नव्हते, खोल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर झाडाखाली बाक टाकले. माणूस यायचा, आजीशेजारी बसायचा आणि बोलायचा. तिकडे शोना भाषेत या आजाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणं' असा होतो. आमची आजी माझ्याबद्दल शेजारणीला अगदी हेच सांगत होती. दहा वर्षांनी त्या बाकाची रीतसर चाचणी झाली, ५७३ माणसांवर, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी निघाला. आपल्या शेजारी गोव्यातही 'संगत' या संस्थेने स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना घेऊन असाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. म्हणजे बाजूला बसणं या गोष्टीचं आता मोजमाप झालंय. मोजमाप झालं की माझ्यासारख्याचा विश्वास बसतो, हा माझा दोष.

२०२३ च्या होळीला गावी गेलो तेव्हा हे सगळं आजीला सांगायला बसलो. सालाबाई हे नाव तिने ऐकलं नव्हतं. गुलाम महाराजांचं ऐकलं होतं, "आरतीवाले" म्हणून. मी खानपूरचं सांगितलं, अंगात येणं, कोंबड्या सोडणं, सगळं. ती मोहाची फुलं निवडत ऐकत होती. (फुलं कशासाठी, ते मी विचारलं नाही.) मग तिने एकच विचारलं, "किती लोक आले होते?"

"दोन हजार," मी म्हणालो.

"जेवले?"

"हो. सगळे एकत्र."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापाचं राहिलंय."

आमच्याकडे मेल्यानंतरचा मोठा कार्यक्रम ऐपत झाली की करायचा, त्याला वर्ष लागो की दोन वर्षं, यात नवीन काही नाही. पण कोरोनात गेलेल्यांचं करायचं की नाही याबद्दल गावात कुणी काही बोलत नव्हतं. सगळ्यांनाच वाटत होतं की दुसऱ्याला आठवण नको द्यायला. आजीने आईला सांगितलं, आईने मला, मी चुलतभावाला. एप्रिलचा एक रविवार ठरला. मी पत्रिका वगैरे छापली नाही, गावच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तीस वर्षांत पाच गावांत बदल्या झालेल्या, त्यामुळे कोण येईल याचा अंदाज नव्हता. दीडशे माणसांचा स्वयंपाक सांगितला.

सकाळी आठपासून माणसं यायला लागली. पहिली आली ती मामी. अंगणाच्या तोंडाशी थांबली आणि तिने जो सूर लावला तो ऐकून आतून आई धावत आली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोन वर्षं आईला मी रडताना पाहिलं नव्हतं. मामी रडता रडता बाबांना नावाने हाक मारून विचारत होती की लग्नात माझ्या ताटातला लाडू चोरलास तो कधी परत देणार. हे असंच असतं, त्यात भांडण असतं, थट्टा असते, हिशेब असतो. मागोमाग बायकांची रांगच लागली. प्रत्येकीने आईला धरलं, मग आजीला. काहींच्या घरची माणसंही त्याच महिन्यात गेली होती, त्या आमच्या दारावर येऊन स्वतःच्या माणसांना हाका मारत होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुरुष चटयांवर बसले. एक विशीतला पोरगा माझ्याशेजारी येऊन बसला, म्हणाला, सरांनी मला तिसरीत पाढे शिकवले. मग बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. त्याने मोबाइल काढला नाही, हे मला जाणवलं.

दुपारी एकपर्यंत भात संपला. चुलतभाऊ मोटरसायकल घेऊन तांदूळ आणायला पळाला आणि आजीने ओट्यावरून ओरडून त्याला सांगितलं, "दोन पोती आण. अजून खांडबाऱ्याचे यायचे आहेत."